उंदीरमारीची वई

भावजींचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला, तेव्हा त्यांच्या हातात चहाची कपबशी होती आणि चहाचा थेंबही सांडला नाही. वाण्याचा हात तो. पाय कुठेही जाईना का, माल सांडायचा नाही.

आषाढातली सकाळ होती. पाऊस जरा दम घेत होता. मी परसात भेंडीच्या बुंध्याशी माती ओढत होते. इंदुवहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, कालचे ओलेच कपडे पुन्हा आत नेत होत्या. सासूबाई मागच्या पायरीवर फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या. आणि भावजी, माझे थोरले दीर, न्हाणीघराची भिंत का कलली ते पाहायला चहा घेऊन मागे आले होते. ती का कलली ते त्यांना पायानेच कळलं.

"हसू नका कोणी," भावजी म्हणाले.

तोवर कोणी हसलं नव्हतं. इंदुवहिनी धावत आल्या. त्यांनी आधी कपबशी घेतली, मग हात दिला. एवढ्या वर्षांचा संसार. आधी काय वाचवायचं ते त्यांना ठाऊक होतं.

पाय बाहेर आला, पण चप्पल आतच राहिली. भावजींनी काठी घालून पाहिलं. काठी संपली, बीळ संपलं नाही.

"घूस," सासूबाई आठळीवरून नजर न उचलता म्हणाल्या.

"घूस नाही, आई, घुशी. अख्खं खटलं आहे खाली." भावजींनी चिखलाचा पाय मोरीवर धुतला. "आता बास झालं. गणपती झाले की गवंड्याला बोलावतो. न्हाणीपासून मागच्या दगडी गडग्यापर्यंत सगळं काँक्रीट. एक चिमूटभर माती ठेवायची नाही. मग बघतो कुठून उकरते."

माझ्या हातातली माती हातातच राहिली.

ते परस माझं होतं असं मी म्हणाले असते, तर घरात सगळे हसले असते. परस घराचं होतं. पण लग्न होऊन मी खातूंच्या घरी आले, ती मुंबईच्या दोन खोल्यांतून. तिथे डालड्याच्या डब्यातली तुळस एवढीच माझी शेती. इथे आल्यावर पहिल्या पावसाळ्यात मी उगाच एक काकडीचं बी मातीत ढकललं आणि श्रावणात त्या वेलाने मला बारा काकड्या दिल्या. कोणाला न विचारता. वाण्याच्या घरात राहिलेल्या बाईलाच याचं मोल कळेल. आमच्या घरात साखर, तेल, पोहे, दोरा, काडेपेटी, सगळं पुढच्या दुकानातून यायचं. कशाची वानवा नव्हती. पण संपलं की मधल्या दाराशी जाऊन सांगावं लागायचं, आणि गल्ल्यावरून भावजी विचारायचे, "संपली? परवा तर दिली." मनाने वाईट नव्हते ते. सवयच तशी. गिऱ्हाइकालाही तेच विचारायचे.

काकडी संपली तर मला कोणाला सांगावं लागत नसे.

"भावजी," मी म्हणाले, "परसातली भाजी?"

"दुकानापुढे भाजीवाली बसते. ताजी असते."

"आणि ऋषीची भाजी?" हे सासूबाई म्हणाल्या.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी आमच्याकडे बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरलेल्या जमिनीतला दाणा नाही, भाजी नाही. जे हाताने खणून, हाताने लावून पिकवलं तेवढंच. अळू, भेंडी, पडवळ, माठ, भोपळा, मक्याचं कणीस, सगळं एका पातेल्यात, आणि त्यात सुरण हवंच. सुरणाशिवाय ऋषीची भाजी म्हणजे नवऱ्यामुलाशिवाय वरात, असं सासूबाईंचं मत.

"बाजारात मिळते की हल्ली," भावजी म्हणाले. "आयता वाटा बांधून देतात."

"नांगराची."

"विचारतंय कोण तिला, नांगराची का हाताची?"

"मी विचारते," सासूबाई म्हणाल्या.

भावजींनी माझ्याकडे पाहिलं, मग सुरणाच्या वाफ्याकडे. वैशाखात मी चार बिया पुरल्या होत्या, म्हणजे सुरणाच्या चार फोडी. आता चार ठिपकेदार दांडे उभे होते, प्रत्येकावर हिरवी छत्री. गेल्या वर्षीही अशाच छत्र्या होत्या. ऋषिपंचमीला खणायला गेलो तर खाली नुसती सालं. शेजारी भाताची गिरणी झाल्यापासून घुशी आल्या होत्या, आणि भाताच्या जेवणावर त्यांना माझं सुरण लागत होतं. माणसाच्या घशाला खाजतं ते घुशीला गोड.

"बरं," भावजी म्हणाले. "ऋषिपंचमीला माझ्या पानात घरचं सुरण पडलं, तर मी काँक्रीटचं नाव काढणार नाही. नाही पडलं, तर अनंत चतुर्दशी झाली की गवंडी. मान्य?"

"मान्य," मी म्हणाले. त्यांनी मला विचारलं होतं की सासूबाईंना, हे मी पाहिलंच नाही.

*

घूस म्हणजे उंदराची थोरली जाऊ. अंगाने दुप्पट, आणि घर पहिल्यापासून आपलंच असल्यासारखी वागणारी. पिंजरा लावून झाला होता. ती पिंजऱ्यासकट गेली, पिंजरा गिरणीच्या मागे सापडला. गोळ्या घालून झाल्या होत्या. एक घूस माजघराखाली जाऊन मेली आणि पंधरवडाभर आम्ही नाकाला पदर लावून जेवलो. त्यानंतर सासूबाईंनी निक्षून सांगितलं, जिथलं आपण खातो तिथे विष घालायचं नाही.

राहिली झाडं. मला ते कळलं होतं दुकानातल्या रद्दीमुळे. पुड्या बांधायला येणारी मासिकं मी बांधण्याआधी वाचून काढायचे. शाळा सुटल्यानंतरचं माझं सगळं शिक्षण त्याच कागदांवर झालं, त्यामुळे ते थोडं फाटकं आहे. एका शेतीच्या मासिकाच्या पानावर लिहिलं होतं, 'घुशींचा उपद्रव टाळण्यासाठी वाफ्याभोवती लसूण, झेंडू आणि'. पुढे कागद फाटला होता. 'आणि'च्या पुढचं कोणीतरी पावशेर हरभऱ्याबरोबर घरी नेलं होतं.

मी लसूण लावली, झेंडूही लावला.

लसूण घुशीने खाल्ली नाही. ती तिने उकरून एका कडेला ठेवली, आपण पानातला कढीपत्ता बाजूला काढतो तशी. आणि झेंडू तर तिला फारच मानवला. झेंडूच्या दाटीखाली बिळाचं तोंड भर पावसात कोरडं राहायला लागलं.

भावजी रोज सकाळी मागच्या दारात येऊन चहा पिता पिता विचारायचे, "काय गो प्रमिला, काय म्हणते तुझी भाडेकरीण?"

"आहे," मी म्हणायचे.

"वास येतो का तिला लसणीचा?"

"येत असावा. फोडणीची वाट बघते आहे."

हसण्यावारी न्यायचे मी, पण रात्री अंथरुणावर पडलं की डोळ्यांपुढे करडं काँक्रीट यायचं, चकचकीत, त्याच्यावर पाऊस पडतोय आणि कुठेच मुरत नाहीये. आमचे हे एसटीत कंडक्टर. दोन दिवसांनी घरी यायचे. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "दादाशी बोलतो." एसटी आणि आमचे हे, दोघंही येतो म्हणाले की वाट बघायची नसते.

*

एका दुपारी चुलीपुढे मी आणि इंदुवहिनी दोघीच होतो. त्या भाकऱ्या थापत होत्या, मी भाजत होते. इंदुवहिनींचं आणि माझं भांडण कधी नव्हतं, आणि बोलणंही फारसं नव्हतं. त्या भावजींच्या बायको. परसाच्या बाबतीत त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं.

"आमच्या माहेरी घूस नाही," त्या तव्याकडे बघत म्हणाल्या.

"नशीबवान आहेत."

"नशीब नाही. उंदीरमारी आहे. परसाला कुंपण म्हणून चारी बाजूंनी वई आहे उंदीरमारीची. दाट, हात शिरणार नाही अशी. बाबा पाला तोडून बिळात कोंबायचे. मला तर तो पाला चुरगळला की मळमळायचं."

मी भाकरी उलटायची विसरले.

"वहिनी, हे तुम्ही आता सांगताय?"

"लसूण तू कोणाला विचारून लावलीस?" त्यांनी पुढची भाकरी परातीत सरकवली. "आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. ह्यांना वाटेल, मी फितूर."

"मग काय सांगू?"

"कागदात वाचलं म्हण. तुझ्या."

मी तसंच सांगितलं. भावजी गल्ल्यावर वजनं पुसत बसले होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"उंदीरमारी," ते म्हणाले. "म्हणजे झाडाचं नाव उंदीरमारी आहे म्हणून घूस घाबरणार."

"हो."

"तिला वाचता येतं का?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही हसली. संध्याकाळपर्यंत आळीत सगळीकडे झालं, खातूंच्या धाकट्या सुनेने घुशींची शाळा काढली.

*

इंदुवहिनींचं माहेर डोंगराच्या वरच्या अंगाला. पावसात तिकडची एसटी बंद. पायी जायला जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, नाहीतर लांबून फेऱ्याने बैलगाडीचा रस्ता. वहिनींच्या भावाने निरोप धाडला, हव्या तेवढ्या मेढी तोडून ठेवतो, गाडीत घालून पाठवतो. उंदीरमारीची मेढ म्हणजे मनगटाएवढी फांदी. पावसात जमिनीत ठोकली की फुटते. मी खुशीत येऊन सासूबाईंना सांगितलं.

"गाडी कसली?" त्या म्हणाल्या.

"बैलगाडी."

सासूबाईंनी हातातली वात खाली ठेवली.

"ज्या वईमुळे सुरण वाचणार, ती वई बैल ओढून आणणार. मग ते सुरण बैलाच्या कष्टाचं झालं की नाही?"

"आई, वई काही खायची नाही."

"सुनेला कोणी खात नाही, म्हणून तिने रांधलेलं जेवण तिच्या कष्टाचं नसतं का?"

मधल्या दारातून भावजींचा आवाज आला. "बरोबर आहे आईचं." त्या दिवशी त्यांना आईचं फार पटत होतं.

"टेम्पो?" मी विचारलं.

"टेम्पोला माझी ना नाही. टेम्पोला बैल नसतात."

पण टेम्पोवाला म्हणाला, त्या चढावर पावसात गाडी घालायची तर आधी माझं श्राद्ध घाला. तेव्हा मला सासूबाईंचा राग आला, खरोखरचा. वाटलं, यांना परस नकोच आहे. मुलाच्या बाजूने आहेत आणि वर देवाचं नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोक्यावर इरलं घेतलं, कमरेला पदर खोचला, आणि चुंबळ शोधायला लागले.

"कुठे निघालीस गो?" सासूबाईंनी विचारलं.

"डोक्यावरून आणते. माझ्या डोक्याला तर शिंगं नाहीत ना?"

हे मी सासूला बोलले यावर माझा मलाच विश्वास बसेना. सासूबाईंनी हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, "चुंबळ कपाटामागे आहे. दोन आहेत."

दोन का आहेत ते मला पायऱ्यांपाशी कळलं. पाखाडीच्या पहिल्या पायरीवर इंदुवहिनी उभ्या होत्या. दुसरी चुंबळ त्यांच्या हातात.

"माहेरी जायला मला कोणी अडवत नाही," त्या म्हणाल्या. "येताना रिकामी कशाला येऊ?"

आम्ही तीन दिवस त्या पाखाडीवर होतो. वर जाताना बोलायचो, येताना बोलवत नसे. ओल्या मेढींचा भारा मानेत बसायचा. चिऱ्यांवर शेवाळ. एकदा वहिनी घसरल्या आणि भाऱ्यासकट बसल्या, मी धावले तर म्हणतात, "मेढी बघ आधी. मोडल्या का?" मला भावजींची कपबशी आठवली. मी हसायला लागले आणि का हसते ते सांगितलं, तेव्हा त्या पावसात, चिखलात बसल्याबसल्या डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. माझ्या लग्नानंतर त्या माझ्यादेखत हसल्या त्या तिथे पहिल्यांदा.

आळीतून जाताना तऱ्हा वेगळी. माडाखाली बसलेल्या बायका विचारायच्या, "काय गो, खातूंकडे सरपण संपलं काय?" गिरणीवाला म्हणायचा, "वहिनी, घुशीला सांगा, माझ्याकडे आली तरी चालेल, पण भाडं घेईन."

"तुमच्याकडूनच येते ती," इंदुवहिनी म्हणाल्या. भर रस्त्यात. भावजींच्या बायको.

मग आम्ही दोघींनी पहार घेतली आणि गडग्याला धरून मेढी ठोकल्या, इतक्या दाट की मधून हात जाऊ नये. पाला बिळांत कोंबला. दोघींनाही मळमळलं. आठवड्याभरात मेढींना कोवळे डोळे फुटले. परसातली ओली माती सकाळी जशीच्या तशी दिसायला लागली, सपाट, कोणी न उकरलेली. मी ती रोज पहाटे जाऊन बघायचे, जणू मूल झोपलंय का ते बघावं.

*

श्रावणात एका सुरणाने मान टाकली.

काल उभी असलेली छत्री आज आडवी. मी बोटांनी माती बाजूला केली. खाली सुरणाची वाटी उरली होती. आतलं सगळं खाऊन घुशीने साल तेवढी ठेवली होती, पॉलिश केल्यासारखी.

सुरणाचं हेच वाईट. खाली काय चाललंय ते पान शेवटच्या दिवसापर्यंत सांगत नाही. उरलेल्या तीन छत्र्या हिरव्यागार उभ्या होत्या. त्यांच्याखाली काय आहे? उकरून बघावं, तर वाढ थांबणार. न बघावं, तर झोप नाही.

भावजींनीही ते पाहिलं. काही बोलले नाहीत, हे त्यांचं चांगुलपण. पण त्याच संध्याकाळी ट्रक आला आणि परसाच्या तोंडाशी वाळूचा ढीग पडला.

"पाऊस ओसरला की वाळू महाग होते," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "म्हणून आत्ता घेतली."

मी त्या ढिगाकडे बघत पायरीवर बसले. इंदुवहिनी शेजारी येऊन बसल्या.

"कुठून आली असेल?" मी म्हणाले. "सगळीकडून तर बंद केलं."

"मोरीकडून," मागून सासूबाई म्हणाल्या.

आम्ही वळून पाहिलं. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं, तिथे कायम राड. तिथे ठोकलेल्या मेढी कुजल्या होत्या आणि हातभर जागा उघडी राहिली होती. आमच्या दोघींच्याही डोळ्यांसमोर, आणि दोघींनाही दिसली नव्हती. रोज तिथेच भांडी घासत होतो आम्ही.

"उंदीरमारीला पाय ओले चालत नाहीत," सासूबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दळण घेऊन परत आले, तर मोरीच्या चिखलात सासूबाई उकिडव्या बसलेल्या. गुडघ्यांनी त्यांना मांडी घालू देणं बंद केलं होतं, जेवायलासुद्धा त्या पाटाखाली पाट घेऊन बसायच्या. कोपरापर्यंत हात चिखलात. शेजारी सुपात हिरव्या पात्यांचे गड्डे. मला वास आला आणि कळलं. वेखंड. नाकात थेट मेंदूपर्यंत जाणारा वास. घरात मूल झालं की सासूबाई उगाळतात ते.

"देवळाच्या तळ्यावरनं आणलं," त्या म्हणाल्या. "याला राडच लागते. मुळं अशी एकात एक गुंततात की कोयता चालत नाही. आणि वास तर बघ."

"आई, तुम्ही चालत गेलात तळ्यावर?"

"मग काय बैल जुंपू?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि गड्डे हातात द्यायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं होतं, तुम्हाला परस नको आहे."

त्या नुसतं, "तो जाडा दे," म्हणाल्या.

*

ऋषिपंचमीला सकाळपासून ऊन होतं. आत गणपती बसले होते. त्यांच्या पायाशी मातीचा उंदीर लाडू धरून उभा. पूजा करताना भावजी मला म्हणाले, "त्यांच्या वाहनाला तू परसात बंदी केलीस. बघ हं."

"वाहन दारात लावायचं असतं, भावजी. परसात नाही."

सगळे मागे आलो. आमचे हेसुद्धा आले होते, रजा मिळाली होती. गडग्यापलीकडून गिरणीवाल्याच्या घरच्या बायका माना उंचावून बघत होत्या. माझ्या हातात खुरपं होतं.

"कुठलं खणू?" मी विचारलं.

"मी सांगेन ते," भावजी म्हणाले. त्यांनी तिन्ही छत्र्यांकडे नीट पाहिलं आणि मोरीच्या सर्वांत जवळचं सुरण दाखवलं. मेलेल्या सुरणाच्या अगदी शेजारचं. ते दिसायलाही जरा मलूल होतं. इंदुवहिनींनी श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"दुसरं सांगू का?" भावजी म्हणाले. खरं म्हणजे त्यांना माझी दया आली असावी.

"नको. हेच."

मी खणायला लागले. माती मऊ होती, फार मऊ. घुशीने उकरलेली मातीही अशीच असते. एक वीत गेले, काही लागलं नाही. खुरपं बाजूला टाकलं आणि हाताने उकरायला लागले. दांडा हातात सैल झाला. मग बोटांना काहीतरी लागलं, गार, खडबडीत. बोट कडेकडेने फिरवत गेले. जिथे वाटीची कड लागायला हवी, तिथे कड नव्हती. अजून खाली. अजून बाजूला. दोन्ही हात पुरेनात.

"वहिनी," मी म्हणाले, "धरा."

इंदुवहिनी गुडघ्यांवर बसल्या. सगळ्यांच्या समोर, नव्या लुगड्याने, चिखलात. आम्ही दोघींनी ओढलं आणि सुरण बाहेर आलं. मोठ्या नारळाएवढं, गोल, मातीने माखलेलं, आणि सबंध. मी ते उलटं करून तळ पाहिला. तिथेही ओरखडा नव्हता.

भावजी खाली वाकले. सुरण दोन्ही हातांत घेऊन त्यांनी ते जोखलं. वजनाच्या बाबतीत ते खोटं बोलूच शकत नाहीत.

"भरतंय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण खाजरं निघेल."

"चिंच आहे घरात," सासूबाई म्हणाल्या. "दुकानातली नाही. आपल्या झाडाची."

दुपारी आम्ही तिघी भाजी चिरायला बसलो. हाताला खोबरेल लावून मी सुरण सोलत होते. सासूबाई अळूचे देठ सोलत होत्या आणि त्यांच्याच नादात बोलत होत्या.

"मी या घरात आले तेव्हा गल्ल्यावर सासरे होते. मग तुमचे सासरे बसले. आता थोरला दत्तू बसतो. मीठ हवं, मधल्या दाराशी जा. गूळ हवा, मधल्या दाराशी जा. कोणी नाही म्हणालं नाही कधी. पण विचारायचं." त्यांनी देठाचा धागा ओढून काढला. "वर्षात एक जेवण असं असायचं की मी कोणाला काही विचारलेलं नसायचं. वरीचे तांदूळसुद्धा माझे मी परसात टाकलेले. ते जेवण सासऱ्यांना वाढताना माझा हात कधी थरथरला नाही. एरवी थरथरायचा."

इंदुवहिनींची विळी थांबली.

"बैलाचं मला काय गो," सासूबाई म्हणाल्या. "बैल बिचारा. पण एकदा गाडीला हो म्हटलं, की पुढच्या वर्षी बाजाराला हो म्हणावं लागलं असतं. मग तेही मधल्या दारातनं आलं असतं."

मी मान खाली घालून सुरण चिरत राहिले. कपाटामागे चुंबळी दोन कोणी ठेवल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

भावजी जेवायला बसले. सासूबाईंनी स्वतः वाढलं, आणि मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. पळी जराही हलली नाही. भावजींनी सुरणाची फोड उचलली, तोंडात घातली आणि चावत राहिले. आम्ही तिघी दाराशी उभ्या. त्यांनी घोट घेतला. घसा खाजतो का ते बघण्यासाठी थांबले. मग पान पुढे सरकवलं.

"अजून थोडी," ते म्हणाले.

इंदुवहिनींनी वाढली. वाढता वाढता म्हणाल्या, "संपली? आत्ता तर दिली."

आमचे हे ठसकले. भावजींनी बायकोकडे पाहिलं, पहिल्यांदाच बघावं तसं, आणि मग तेही हसले.

"त्या वाळूचं काय करू पण?" हात धुताना त्यांनी विचारलं.

"सुरणाचं बी वाळूतच ठेवतात," सासूबाई म्हणाल्या. "चांगली आणलीस. पुष्कळ वर्षं पुरेल."

*

घूस नेमकी कशाने गेली, ते मला आजही सांगता येणार नाही. उंदीरमारीच्या पाल्याने, वेखंडाच्या मुळांनी, की दुसऱ्या कोणाच्या परसात बरं मिळालं म्हणून. त्या फाटक्या कागदावर 'आणि'च्या पुढे काय लिहिलं होतं तेही कळलं नाही. मी शोधायचं सोडून दिलं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ज्या दिवशी गवंडी यायचा होता, भावजी तेलाच्या डब्याचा एक सपाट केलेला पत्रा आणि हातोडी घेऊन मागे आले. दुकानाच्या पाटीचा उरलेला लाल रंग त्यांनी वापरला होता. मोरीपाशी उकिडवे बसून त्यांनी तो पत्रा वईला ठोकला, अक्षरं बाहेरच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर. घुशीच्या नजरेला येईल असा.

मी गडग्यावरून वाकून वाचलं. 'सावधान. पुढे उंदीरमारी आहे.'

"हे कशाला, भावजी?"

त्यांनी हातोडी पुसली.

"म्हटलं, येत असेल वाचता," ते म्हणाले, आणि चहाला हाक मारत आत गेले.